कोल्हापुरात रोज कॉलेजला सायकलने: गिअरची की साधी?

तिकटी (धागा)

जून उजाडला की बाहेरगावची पोरं-पोरी खोल्या शोधायला लागतात आणि पाठोपाठ विचारतात, सायकल कुठली घेऊ? सगळी उत्तरं एका जागी राहावीत म्हणून हा धागा.

गृहीत असं धरू. खोली राजारामपुरीत, मंगळवार पेठेत किंवा दसरा चौकातल्या एखाद्या बोर्डिंगात. कॉलेज म्हणजे विद्यापीठ, राजाराम, सायबर किंवा पॉलिटेक्निक. जाऊन-येऊन रोजचे सहा ते बारा किलोमीटर. सोबत लॅपटॉप, डबा, एखादं जाड पुस्तक. हातात पाच-सहा हजार रुपये.

माझं मत आधीच सांगतो. साधी, बिनगिअरची, मडगार्ड, कॅरियर आणि चेनकव्हर असलेली सायकल घ्यावी आणि मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) मोठं करून घ्यावं. या पैशात मिळणारी शॉकअपवाली (पुढे स्प्रिंगचा फोर्क असलेली) एकवीस गिअरची सायकल या कामाची नाही. वाचलेल्या पैशातून चांगलं कुलूप आणि दोन दिवे घ्यावेत. विरोधी मतं जरूर मांडा, फक्त कारणासकट.

पुईखडी

विरोध नोंदवतो. विद्यापीठ आणि राजाराम कॉलेज सागरमाळाच्या उंचावर आहे. पेठेतून निघालेल्या पोराला जाताना चढ, येताना उतार. वीस किलोची सायकल, वर पाच किलोची बॅग आणि एकच गिअर! सकाळच्या पहिल्या तासाला घामाघूम होऊन बसायचं का? गिअर यासाठीच असतात.

फ्रीव्हील

पुईखडी, चढ आहे हे खरंच. पण तिकटीने फ्रीव्हील मोठं करा म्हटलंय, त्याचा हिशेब बघा.

साध्या सायकलला पुढे पायडलपाशी बहुतेक ४४ दाती चेनव्हील असतं, मागे १८ दाती फ्रीव्हील. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४. पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २८ × १½ च्या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर, म्हणजे एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे. सपाटीला छान, पण चढाला मांड्या भरून येतात त्या यामुळेच.

आता मागे २२ दाती फ्रीव्हील टाका. ४४ भागिले २२ म्हणजे बरोबर दोन. एका फेऱ्यात साडेचार मीटर. पायावरचा जोर जवळजवळ १८ टक्क्यांनी उतरतो. मिनिटाला ६० फेरे मारले तर आधी ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेग मिळायचा, आता सोळा. बागल चौकातल्या किंवा राजारामपुरी मेन रोडवरच्या गर्दीत सोळाच्या वर सायकल जातच नाही, त्यामुळे गमावलं काहीच नाही. २० दाती हा मधला पर्याय. पेठ ते विद्यापीठ रोज असेल तर २२, सपाटीचं प्रमाण जास्त असेल तर २०.

कॉटरपिन

वरच्या हिशेबाला पुस्ती जोडतो. फ्रीव्हील बदलताना दोन गोष्टींत फसगत होते.

पहिली, चेन आखूड पडते. मागे चार दात वाढले की चेन अर्ध्या इंचाच्या दोन कड्यांनी, म्हणजे एक इंचाने कमी पडते. मागच्या एक्सलला खाचेत पुढे सरकायला अर्धा इंच जागा असेल तर जुनीच चेन चालते. नसेल तर एक इंच तुकडा जोडावा लागतो. पण चेन जुनी असेल तर तुकडा जोडू नका, नवीनच घ्या. झिजलेल्या चेनमध्ये नवा तुकडा आणि खाली नवं फ्रीव्हील असलं की पायडल मारताना कटकट उडी मारते आणि नवे दातही महिन्याभरात खाते.

चेन झिजलीय का, हे स्टीलच्या पट्टीने कळतं. ताणलेल्या चेनवर एका पिनच्या मध्यापासून मोजा. चोविसाव्या कडीची पिन बरोबर १२ इंचावर आली पाहिजे. १२ च्या पुढे इंचाचा आठवा भाग सरकली असेल तर चेन संपली. गिअरच्या सायकलला सोळावा भाग सरकला तरी बदलावी.

दुसरी, फ्रीव्हील सुटत नाही. पायडल मारून मारून ते आट्यांवर इतकं घट्ट बसलेलं असतं की छिन्नी-हातोडीने ठोकणारे त्याच्या खाचा तोडतात, मग काढायला काहीच उरत नाही. नीट पद्धत अशी: त्या फ्रीव्हीलच्या खाचेत बसणारा पुलर (ते काढायचं हत्यार) घ्या, बसवा, वरून एक्सलचा नट हाताने जेमतेम लावा म्हणजे पुलर निसटणार नाही. मग पुलर व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्यात) पकडून अख्खं चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. चाक म्हणजेच लांब दांडा झाला, त्यामुळे कमी जोरात सुटतं. पहिला अर्धा फेरा सुटला की नट काढा आणि पुढचं हाताने. नवं चढवताना हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका.

उद्यमनगरी

व्हाइसचं म्हणाल तर गावात त्याची टंचाई नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथ, वेल्डिंग, ड्रिल सगळं एका गल्लीत मिळतं. कॅरियरचा पाय तुटला, मडगार्डची पट्टी निसटली, स्टँडचा बोल्ट अडकला, तर नवीन वस्तू घेण्याआधी तिथं एक चक्कर मारावी. फक्त फ्रेमला वेल्डिंग करायचं असेल तर जपून. हँडलच्या खालच्या सांध्याला तडा असेल तर ती फ्रेम रोजच्या वापरातून बादच करावी. तिथलं वेल्डिंग पुन्हा सुटलं तर माणूस थेट तोंडावर पडतो.

मंगळवारपेठ

मुलींच्या बाजूने लिहिते. चेनकव्हर पूर्ण हवं, अर्धं नको. ओढणी आणि सैल पायजमा अर्ध्या कव्हरमध्ये हमखास अडकतो. मागच्या चाकावर साडीगार्डची जाळी असेल तर काढून टाकू नका, कितीही जुनाट दिसली तरी. ओढणीचं टोक तारांत गेलं की चाक जागेवर थांबतं.

आणि सीटची उंची! दुकानदार दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी खाली करून देतात. त्यानं गुडघे दुखतात, आणि दोष सायकलला दिला जातो. सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली आणा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पायडलवर आला की गुडघ्यात हलका बाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, दोन दिवसांत सवय होते. सीटच्या नळीवर आडवी खूण असते, तिच्या वर नळी ओढू नये.

पुईखडी

फ्रीव्हील भावा, हिशेब पटला. तरी गोकुळ शिरगावला इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांचं काय? किंवा कसबा बावड्याहून विद्यापीठात येणाऱ्यांचं? तिथं अंतर वाढतं, हायवेची बाजू येते, वारा समोरून लागतो.

फ्रीव्हील

तिथं गिअर मान्य. पण शॉकअपवाली नको, हायब्रिड घ्या. ७०० × ३५ किंवा ३८ चे टायर, पुढे साधा फोर्क, मागे सहा-सात गिअर. स्वस्तातला शॉकअप दोन किलोच्या आसपास वजन वाढवतो, उभं राहून पायडल मारताना प्रत्येक झटक्याला खाली दबतो, आणि दोन पावसाळ्यांत आतून गंजून तसाच घट्ट बसतो. मग वजन तेवढं उरतं, उपयोग शून्य.

टाकाळा

गिअरवाल्यांनी कॉलेजच्या स्टँडचा विचार करावा. तिथं सायकली एकमेकींवर रेलून उभ्या असतात. एक पडली की रांग पडते. गिअरची सायकल उजव्या कुशीवर पडली की डिरेलर (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ज्या हुकावर बसतो तो आत वाकतो. बाहेरून काही दिसत नाही. संध्याकाळी चढाला सर्वात हलका गिअर टाकला की डिरेलर थेट मागच्या तारांत. तारा, डिरेलर, चेन तिन्ही जातात.

म्हणून सायकल पडलेली दिसली तर निघण्याआधी मागे उभं राहून बघा. डिरेलरची दोन्ही छोटी चाकं आणि वरचं फ्रीव्हील एका उभ्या रेषेत हवीत. नसतील तर मोठ्या दात्यावर गिअर टाकूच नका, हळू चालवत मेस्त्रीकडे. तो हुक सरळ करून देतो, नंतर ‘एल’ अक्षराचा स्क्रू लावून घ्या, तो चेनला तारांकडे जाण्यापासून रोखतो. शक्यतो रांगेच्या टोकाला, डावी बाजू गर्दीकडे करून लावा.

गंगावेस

रस्त्यांचं कुणी लिहिलं नाही अजून. दसरा चौकाकडून विद्यापीठ: उमा टॉकीज, बागल चौक, जनता बाजार, राजारामपुरी, मग सायबर चौक. मध्यवर्ती बसस्थानकाकडून राजारामपुरीत यायला सगळे परीख पुलाखालून येतात. कोरड्या दिवसांत ठीक. मोठी सर येऊन गेली की पुलाखाली पाणी साचतं आणि खालचे खड्डे, जाळ्या दिसत नाहीत. चार बोटं पाणी दिसत असलं तरी सायकल पुढे घालू नका, उलटं फिरून बागल चौकातून या. पाच-सात मिनिटांचा फरक पडतो, तेवढाच.

रेल्वे इथं येऊन संपते, त्यामुळे टर्मिनसच्या पश्चिमेने आलं की रूळ ओलांडावेच लागत नाहीत, हे नव्या मुलांना बरेच दिवस कळत नाही. टेंबलाई उड्डाणपुलाचा मार्गही आहे, पण तो चढ आणि तिथली वेगाची वाहनं रोज नकोत.

नवीनआयडी

केएमटीचा (शहर बसचा) पास काढून सायकल फक्त जवळच्या कामांना वापरली तर?

तिकटी

तेही चालतं. मुसळधार पावसाच्या दिवसांत तसंच करावं. फक्त प्रॅक्टिकल उशिरा सुटलं किंवा अभ्यासिकेतून रात्री दहाला निघालात तर बसच्या भरवशावर राहू नका, तिथं सायकलच हाताशी लागते.

उद्यमनगरी

पावसाळ्याचं सविस्तर लिहितो, कारण इथला जुलै सायकल खातो.

ब्रेक आधी. साध्या सायकलला रॉडब्रेक आणि स्टीलची रिम. रिम ओली झाली की पहिले काही फेरे ब्रेक जवळजवळ लागतच नाही, रबर पाण्याच्या थरावर घसरत राहतं. उताराला लागण्याआधीच ब्रेक हलका धरून रिम पुसून घ्यायची आणि मगच उतार घ्यायचा. विद्यापीठाकडून राजारामपुरीकडे येताना ही सवय लागलीच पाहिजे. नवीन सायकल घेताना केबलब्रेक आणि ॲल्युमिनिअमची रिम मिळत असेल तर दोन-चारशे रुपये जास्त द्या. ओल्या रस्त्यावर तिचा ब्रेक स्टीलपेक्षा कितीतरी चांगला लागतो. ब्रेकच्या रबरात वाळूचे कण रुततात, दर रविवारी टोकदार वस्तूने काढा, नाहीतर ते रिम खरवडतात.

मागचाच ब्रेक लावायचा हा गैरसमज सोडा. जोर पुढे झेपावतो, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर खरं काम पुढचा ब्रेक करतो. ओल्या रस्त्यावर दोन्ही एकदम, हळूहळू दाबत. वळणात असताना मात्र ब्रेक नाही, वळणाआधीच वेग कमी करा. झेब्रा पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि शेण यांच्यावर सायकल सरळ ठेवा, झुकवू नका.

चेन: भिजून आलात की जुन्या सुती कापडात धरून पायडल उलटं फिरवत कोरडी करा. आठवड्यातून एकदा प्रत्येक सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलापेक्षा थोडं जाड तेल, एक एक थेंब, आणि दहा मिनिटांनी वरचं पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर राहिलं की चिखल धरतं. वापरलेलं इंजिन ऑइल ओतू नका, त्यात धातूचा बारीक कीस असतो.

फ्रेममध्ये पाणी साचतं. सीटच्या नळीतून आत जातं आणि खाली पायडलच्या एक्सलच्या घरात उतरतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सीट काढून सायकल उलटी धरा, किती पाणी निघतं बघा. सीट परत बसवताना नळीला ग्रीस, नाहीतर पुढच्या वर्षी ती हलणार नाही.

कळंबेकर

रेनकोटपेक्षा पोंचो बरा असं बरेच सांगतात. गर्दीच्या रस्त्यावर नको. वाऱ्याने फुगतो, हात दाखवायला बाहेर काढता येत नाही, मागचा कडेचा भाग चाकात जातो. पँट-शर्टाचा दोन तुकड्यांचा रेनसूट घ्या, पँटची मोहरी रबराने बांधा. पुस्तकं आणि लॅपटॉप आधी जाड प्लॅस्टिक पिशवीत, मग बॅगेत. वरून घातलेलं बॅगेचं कव्हर पाठीकडून पाणी आत घेतंच.

गंगावेस

दसरा चौकातल्या बोर्डिंगांत राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून शाहू महाराजांनी ही परंपरा उभी केली, म्हणूनच आज गावाच्या मध्यावर विद्यार्थ्यांना राहायला जागा आहे. पण ही जागा जयंती नाल्यापासून लांब नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी रोज बातम्यांत येते: ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. सुतारवाड्यात पाणी शिरायला लागलं की सायकल जिन्याखालून उचलून वरच्या मजल्यावर न्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात खाली राहिलेल्या सायकली कितीतरी दिवस पाण्यात होत्या.

कॉटरपिन

आणि सायकल बुडलीच तर नुसती धुऊन चालवू नका. पुराच्या पाण्यातला गाळ हबच्या आत जातो आणि छर्रे आणि ते ज्यांच्यात फिरतात ते कप, कोन आठवड्यात खराब होतात. पूर्ण ओव्हरऑइलिंग करायचं.

खोलण्याआधी खाली पांढरा कपडा पसरा, छर्रे घरंगळतात. साध्या सायकलला पुढच्या हबमध्ये दर बाजूला ३⁄१६ इंची १०, मागच्या हबमध्ये ¼ इंची ९, पायडलच्या एक्सलला ¼ इंची ११. मोजून काढा, मोजून घाला. रॉकेलमध्ये धुवा, कोरडे करा. एकाही छर्र्यावर खड्डा किंवा काळा डाग असेल तर त्या बाजूचे सगळेच बदला, एकटा नवा छर्रा जुन्यांपेक्षा किंचित मोठा असतो आणि सगळा भार तोच घेतो. कपमध्ये ग्रीस भरून त्यात छर्रे चिकटवा, मग एक्सल घाला. कोन आधी हाताने टेकवा, पाव फेरा उलटा सोडा, मग लॉकनट कसा. चाक हातात धरून एक्सल बोटांनी फिरवली तर अडखळता कामा नये, आणि डावी-उजवीकडे हललीही नाही पाहिजे.

नाव कॉटरपिन घेतलंय तर तेही सांगून टाकतो. पायडल मारताना दर फेऱ्याला एकदा ‘टक’ आवाज येत असेल आणि क्रँक (पायडलचा दांडा) हलत असेल तर ती एक्सलला धरून ठेवणारी कॉटर पिन सैल आहे. नट आवळून ती बसत नाही. नट फक्त धरून ठेवायला, पिन बसते ती ठोकूनच. ठोकताना क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा आधार द्या. आधार नसला तर ठोक्याचा मार छर्र्यांवर जातो आणि कपमध्ये खळगे पडतात. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने, नाहीतर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत. नवीन पिन बसवल्यावर वीस-तीस किलोमीटरनी पुन्हा एकदा ठोकून नट आवळायचा. पुन्हा ठोकायचं सगळे विसरतात, आणि पिन महिन्याभरात सैल होते ती त्यामुळेच.

मंगळवारपेठ

कॉटरपिनदादा, हे सगळं खोलीवर कसं करायचं? माझ्या मते विद्यार्थ्याला तीनच कामं स्वतः यावीत: पंक्चर, चेनला तेल आणि ब्रेक आवळणं. बाकी मेस्त्रीकडे, पण काय सांगायचं ते कळलं पाहिजे.

पंक्चरचं लिहिते. आधी वॉल्व्ह तपासा. साध्या सायकलच्या वॉल्व्हवर पातळ रबरी नळी असते, ती वर्षभरात कुजते. रात्री भरलेली हवा सकाळी गेलेली, पण पंक्चर सापडत नाही, तेव्हा दहापैकी बरेच वेळा दोष या नळीचा. वॉल्व्हवर थुंकी किंवा पाण्याचा थेंब लावा, बुडबुडा आला की नळी बदला. दप्तरात दोन-तीन नळ्या ठेवाव्यात.

खरंच पंक्चर असेल तर ट्यूब बाहेर काढण्याआधी वॉल्व्हजवळ टायरवर खडूने खूण करा. भोक सापडलं की टायरवर त्याच अंतरावर काटा शोधा, आतून बोट फिरवत, पण कापड गुंडाळून. काटा टायरमध्ये तसाच ठेवून ठिगळ लावलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ट्यूब कानशीने किंवा पॉलिश पेपरने ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या जागेत घासा, सोल्युशन पातळ लावा आणि वाळू द्या. बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ. ओल्या सोल्युशनवर लावलेलं ठिगळ सायकल उन्हात उभी केली की सुटतं. आणि भोकं दोन असतील, शेजारी शेजारी, तर काटा शोधत बसू नका. हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चेचली गेलीय.

टाकाळा

ताईंचं शेवटचं वाक्य डबलसीट फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मित्र कॅरियरवर बसला की सगळा भार मागच्या चाकावर. टायरवर कडेला हवेचा आकडा छापलेला असतो, मागच्या चाकात त्याच्या वरच्या टोकाला जा, पुढे थोडी कमी चालते. मागच्या उजव्या बाजूच्या तारा आधी तुटतात. एक तार तुटली की चाकाला आऊट येतो, म्हणजे ते डगमगत फिरतं, आणि भार शेजारच्यांवर पडून पुढच्या आठवड्यात आणखी दोन जातात. एक तुटल्यावर लगेच बदला. उजव्या बाजूची तार घालायला फ्रीव्हील काढावं लागतं, म्हणजे २२ दाती टाकायचा मुहूर्तही तोच.

उद्यमनगरी

टायर-ट्यूब मागताना नुसतं ‘२६ चं द्या’ म्हणू नका. २६ × १⅜ लेडीज सायकलचं, त्याची रिम ५९० मिलिमीटर. २६ × १.९५ गिअरच्या सायकलचं, ५५९. नाव दोन्हीचं २६, पण एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. जुन्या टायरच्या कडेवर ५९० किंवा ५५९ असा आकडा असतो, त्याचा फोटो घेऊन जा.

कळंबेकर

नोव्हेंबरनंतरची गोष्ट राहिली: ऊस. हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. वळताना दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षा आत येते. डावीकडून सायकल घालणारा तिच्या आणि फुटपाथच्या मधे सापडतो. ट्रॅक्टर वळण्याच्या बेतात असेल तर मागेच थांबा, उसाची कांडी ओढायचा मोह तर अजिबात नको. रस्त्यावर पडलेला ऊस चाकाला समांतर असेल तर पुढचं चाक त्यावर घसरतं. ओलांडायचाच तर काटकोनात. रात्री ट्रॉलीला मागे दिवा नसणार असं धरूनच चाला.

आपल्याला मात्र दिवे हवेतच. पुढे पांढरा, मागे लाल, आणि मागच्या मडगार्डवर चकाकणारी पट्टी. चार्जिंगचा दिवा घेतलात तर रविवार हा चार्जिंगचा वार ठरवून टाका. जुना डायनॅमो असेल तर काढू नका. सायकल थांबली की विझतो हा त्याचा दोष, पण मागे बॅटरीचा लाल दिवा जोडला की काम भागतं.

पुईखडी

जुनी सायकल घेणाऱ्यांसाठी माझ्याकडून. मे-जूनमध्ये शिक्षण संपवून जाणारी मुलं सायकली विकतात, तेव्हाच घ्यावी. क्रँक धरून, पायडल नव्हे, आडवी हलवून बघा. पुढचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराशी अंतर कमी-जास्त होतं का बघा, आऊट कळतो. पायडलवर उभं राहून दहा-वीस मीटर चालवा, फ्रीव्हील घसरत असेल तर इथंच कळतं. आणि सर्वात महत्त्वाचं, बिल. फ्रेमचा नंबर बहुतेक वेळा खाली, पायडलच्या एक्सलच्या घरावर कोरलेला असतो. बिलावरचा नंबर तोच हवा. खरवडलेला दिसला तर सायकल कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

नंबरचा फोटो फोनमध्ये ठेवा, चोरी झाली तर तक्रारीत लागतो. कुलूप: करंगळीएवढ्या केबलचं नको, ती साध्या कटरने तुटते. जाड कडीची साखळी किंवा यू आकाराचं घ्या, आणि मागचं चाक व फ्रेम दोन्ही एखाद्या पक्क्या खांबाला धरून लावा. नुसतं पुढचं चाक बांधलं तर चाक राहतं, सायकल जाते.

नवीनआयडी

खूप मिळालं, सगळ्यांचे आभार. दोन शंका. उन्हाळ्यात दीड-दोन महिने गावी गेल्यावर सायकल खोलीवर कशी ठेवायची? आणि बॅग पाठीवर की कॅरियरवर?

मंगळवारपेठ

लॅपटॉप पाठीवर. कॅरियरवर प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट बसतो. बाकी पुस्तकं, डबा कॅरियरला, जुन्या ट्यूबच्या पट्ट्याने दोनदा आडवी आणि एकदा उभी बांधून. पट्ट्याचं टोक लोंबकळत सोडू नका, तारांत जातं.

उद्यमनगरी

ठेवताना हवा पूर्ण काढू नका. सपाट टायरवर महिनाभर उभी राहिली की टायरच्या कडा चिरतात. हवा पूर्ण भरा, शक्य असेल तर खिळ्याला टांगा, नाहीतर निदान उन्हापासून लांब, जुनी चादर घालून. चेनला नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल. परत आल्यावर आधी वॉल्व्हची नळी बदला.

तिकटी

धागा बराच लांबला, तर मूळ प्रश्नाकडे येतो. पुईखडीच्या मुद्द्यामुळे माझं मत थोडं बदललंय. पेठा, राजारामपुरी, शाहूपुरी ते विद्यापीठ असेल तर साधी सायकल, २२ दाती फ्रीव्हील, शक्य तर ॲल्युमिनिअमची रिम. गोकुळ शिरगाव किंवा एका बाजूला आठ किलोमीटरच्या वर असेल तर बिनशॉकअपची हायब्रिड, जुनी चांगली मिळाली तरी चालेल, पण मडगार्ड आणि कॅरियर लावूनच.

फ्रीव्हीलवाल्याला एक शेवटचं विचारतो. नवीन सायकल दुकानातून घेतानाच २२ दाती बसवून मागावं का?

फ्रीव्हील

व्हय, तेव्हाच मागा. नव्या सायकलचं फ्रीव्हील अजून पायडलच्या जोराने आवळलेलं नसतं, दोन मिनिटांत सुटतं. चेनही तिथंच मापात लावून घेता येते. काढलेलं १८ दाती फ्रीव्हील मात्र दुकानात सोडू नका, ते तुमच्या पैशाचं आहे. कागदात गुंडाळून तेल लावून ठेवा, पुढे सपाटीच्या गावात नोकरी लागली तर तेच लागेल. आणि पहिल्या आठवड्यानंतर मागच्या चाकाचे दोन्ही नट आवळून चेनची ढील बघा. मधोमध बोटाने दाबल्यावर अर्धा ते पाऊण इंच हलली पाहिजे.